गच्ची ट्रॅफिक: टॉवर नसलेल्या आकाशात वैमानिक काय बोलतात

गेल्या मे महिन्यातली संध्याकाळ. पार्ल्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून पश्चिमेच्या कठड्यापर्यंत खडूने दोन लांब रेघा ओढलेल्या. टाकीकडच्या टोकाला २७ आणि कठड्याकडच्या टोकाला ०९ असे मोठे आकडे. आणि माझी भाची, टीव्हीचा रिमोट तोंडासमोर धरून, त्या रेघांच्या कडेने चौकोनात फिरतेय.

"गच्ची ट्रॅफिक, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, लेफ्ट डाउनविंड, रनवे टू सेव्हन, टच अँड गो, गच्ची."

चार पावलं. पुन्हा थांबणं. रिमोटवरचं बटण दाबायचं, एक श्वास घ्यायचा, मग बोलायचं. बटण आधी, शब्द नंतर. नाहीतर पहिला शब्द हवेत जातच नाही.

ती उत्तर महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकते, सुट्टीला घरी आली होती. मी वैमानिक नाही. लॅमिंग्टन रोडवर रेडिओ, वॉकीटॉकी आणि पुढे ससून डॉकच्या बोटींवरचे सेट दुरुस्त करण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. त्यामुळे सेटच्या आत काय चालतं ते मला कळतं, विमानात बसून काय बोलायचं ते तिला. हा लेख त्या दोन्हीची मिसळ आहे.

मी तिला विचारलं, "पण परवानगी कोण देतंय तुला? टॉवरचं उत्तर कुठाय?"

"मामा, टॉवर नाहीचे. कोणीच परवानगी देत नाही."

इथे बहुतेक मुंबईकरांची गाडी अडते, माझीही अडली. आपल्या डोळ्यासमोर सांताक्रूझचा विमानतळ असतो. दोन धावपट्ट्या, त्याही एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणून एका वेळी एकच वापरायची. त्यावर दिवसाला नऊशेच्या घरात विमानांची चढउतार. तिथे टॉवरमध्ये बसलेल्या कंट्रोलरच्या शब्दाशिवाय चाकसुद्धा हलत नाही. तो म्हणाला थांबा की थांबायचं, आणि ऐकलेला हुकूम त्याला परत म्हणून दाखवायचा. हे झालं नियंत्रित आकाश.

पण जगातलं बरंचसं आकाश असं नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, आकाशाचे ए ते जी असे सात वर्ग पाडलेत. ए ते ई या वर्गांत कमी-जास्त प्रमाणात नियंत्रण असतं. एफ आणि जी अनियंत्रित. जी वर्गात दोन विमानांमध्ये अंतर राखण्याची जबाबदारी जमिनीवरच्या कुणाचीही नसते. हवामान किंवा आसपासच्या विमानांची माहिती मिळू शकते, हुकूम मिळत नाही. अमेरिकेत सर्वांना खुले असे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत आणि त्यातल्या साधारण पाचशेंवरच टॉवर आहे. म्हणजे दहातल्या नऊ ठिकाणी वैमानिक आपापसांत बोलून उतरतात. आपल्याकडेही फ्लाइंग क्लबांची, साखर कारखान्यांची, जिल्ह्याच्या गावांची अशी अनेक मैदानं आहेत.

अनियंत्रित म्हणजे बेवारस, असा मात्र समज नको. भारतात अशा मैदानावरून दुसऱ्या गावी उडायचं तरी आधी फ्लाइट प्लॅन भरावा लागतो, फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा क्रमांक आणि हवाई दलाकडून एअर डिफेन्स क्लिअरन्सचा क्रमांक घ्यावा लागतो. विमान कुठून कुठे चाललंय ते सरकारला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की मैदानावर पोचल्यावर तिथे आणखी कोण घिरट्या घालतंय. तो हिशेब वैमानिकांनी एकमेकांत मिटवायचा.

दादरच्या फुलबाजारात पहाटे गेला असाल तर हा मामला तुम्ही पाहिलाय. डोक्यावर झेंडूचं भलंमोठं गाठोडं घेतलेला हमाल गर्दीतून धावत येतो आणि ओरडतो, "साइड, साइड, साइड!" तो कुणाची परवानगी मागत नाही. कुणी त्याला "या" असंही म्हणत नाही. तो फक्त जाहीर करतो की मी इथून, या बाजूला, या वेगाने येतोय. ऐकणारे आपापलं ठरवतात. टॉवर नसलेल्या मैदानावरचा रेडिओ म्हणजे हे "साइड, साइड". फरक इतकाच की हमाल दिसतो तरी. विमान मैलभर लांब असताना आकाशात तांदळाच्या दाण्याएवढं असतं, त्यामुळे ओरडण्यात नेमका पत्ता द्यावा लागतो.

आता माझ्या आवडीचा भाग. हा रेडिओ असतो तरी कसला?

तुमच्या घरच्या एफएमवर काटा आकाशवाणीच्या १०७.१ वर आणा. त्याच्या किंचित पुढे, १०८ मेगाहर्ट्‌झला तुमच्या सेटची पट्टी संपते. विमानांची दुनिया तिथून सुरू होते. १०८ ते ११८ मध्ये दिशा दाखवणारी यंत्रं, आणि ११८ ते १३७ मध्ये बोलणं. म्हणजे पट्टा एफएमच्या अगदी शेजारचा, पण पद्धत एफएमची नाही. विमानं अजूनही एएमवर बोलतात, जुन्या मीडियम वेव्हच्या रेडिओसारखी. मला हे कळलं तेव्हा मी चक्रावलो. एवढी महागडी विमानं, आणि आवाज असा खरखरीत?

कारण समजायला मला माझ्याच बाकावरचा अनुभव आठवावा लागला. ससून डॉकच्या ट्रॉलरवरचे व्हीएचएफ सेट एफएमवर चालतात. एकाच चॅनलवर दोन बोटी एकदम बोलायला लागल्या की जवळच्या बोटीचा आवाज स्वच्छ येतो आणि लांबची बोट सपशेल गायब होते. खरखर नाही, कुजबुज नाही, काहीच नाही. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही की दुसरं कुणी बोलत होतं. एफएमचा हा स्वभावच आहे: जोरदार लहर कमजोर लहरीला गिळून टाकते. एएममध्ये तसं होत नाही. दोन सेट एकदम बोलले, आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सीत हजार हर्ट्‌झचा फरक असला, तर स्पीकरमधून हजार हर्ट्‌झची शिट्टी वाजते. कर्कश, कानाला त्रास देणारी. शब्द कळत नाहीत, पण एक गोष्ट कळते की दोघं एकदम बोलले. मग तिसरा कुणीतरी म्हणतो, दोघांचा आवाज आपटला, पुन्हा बोला. आकाशात ही शिट्टी अनमोल आहे. विमानांचा रेडिओ एएमवर राहण्यामागे जुन्या सेटांची सोय वगैरे कारणंही आहेत, पण मला विचाराल तर हे एक कारण पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट पल्ल्याची. या लहरी सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईमागे वळत नाहीत. जमिनीवर उभं राहून वॉकीटॉकी चार इमारतींपलीकडे पोचत नाही, पण तोच सेट उंच नेला की क्षितिज लांब जातं. ठोकळ हिशेब असा: उंची फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.२३ ने गुणा, की पल्ला नॉटिकल मैलांत मिळतो. तीन हजार फुटांवर हा पल्ला ६७ मैल, म्हणजे सव्वाशे किलोमीटर भरतो. ऐकणारं विमानही तितक्याच उंचीवर असेल तर दोघांचे पल्ले जोडायचे: अडीचशे किलोमीटर. मध्ये सह्याद्री नसता तर मुंबईवरचा वैमानिक पुण्याच्याही पुढे सहज ऐकू गेला असता.

आणि गोची इथेच आहे. अनियंत्रित मैदानांना वाटून द्यायला स्वतंत्र फ्रिक्वेन्सी फार नसतात. एकच फ्रिक्वेन्सी अनेक मैदानं वापरतात. अमेरिकेत १२२.८ अशी प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियात ज्या मैदानाला वेगळी दिलेली नाही तिथे १२६.७. रविवारी सकाळी हवा छान असली की पन्नास-शंभर मैलांतल्या सगळ्या मैदानांचे वैमानिक एकाच खोलीत बसून बोलल्यासारखे बोलतात. म्हणून भाची "गच्ची" हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला म्हणते आणि शेवटी पुन्हा म्हणते. पहिल्यांदा ऐकताना लक्ष नसतं. "कोणीतरी फायनलवर आहे" एवढंच कानात राहतं, आणि ते आपल्याच मैदानावर आहे की साठ मैल लांब, हे शेवटच्या शब्दावरून कळतं. मला आधी ती उगाच घोकंपट्टी वाटली होती.

आता तिचं वाक्य उलगडून बघू. "गच्ची ट्रॅफिक": मी गच्ची मैदानाच्या आसपासच्या सगळ्यांशी बोलतेय. टॉवर असता तर "गच्ची टॉवर" म्हटलं असतं. काही देशांत "ट्रॅफिक"ऐवजी "ऑल स्टेशन्स" म्हणतात. "व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली": विमानाचं नाव, व्हीटी-एबीसी, उदाहरणापुरतं घेतलेलं. भारतातल्या प्रत्येक विमानाच्या नावाची सुरुवात व्हीटीने होते, ही अक्षरं ब्रिटिश काळापासून चिकटलीत. अक्षरांना अल्फा, ब्राव्हो म्हणण्याची आजची यादी १९५६ पासून जगभर सारखी आहे. आकड्यांचेही उच्चार ठरलेत. नाइनला नायनर, फाइव्हला फाइफ, थ्रीला ट्री. खरखरीत नाइन आणि फाइव्ह सारखेच ऐकू येतात, म्हणून. आमच्या काकूंना वाटायचं पोरीची जीभ जड झालीय.

"लेफ्ट डाउनविंड" हा या सगळ्याचा गाभा, त्यासाठी गच्चीवर फिरायलाच हवं.

विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि उडतं. संध्याकाळी मुंबईत वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. दोरीवरची साडी हा आमचा विंडसॉक, ती पूर्वेकडे फुगली होती. म्हणजे पश्चिमेला तोंड करून उतरायचं. होकायंत्रात पश्चिम म्हणजे २७० अंश, शेवटचं शून्य टाकलं की २७. धावपट्टीचा नंबर हा असा दिशेवरूनच पडतो. तीच पट्टी उलट बाजूने वापरली की ०९. दोन्ही नावं एकाच डांबराची, आणि घाईत उलटा नंबर सांगणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक.

२७ वरून उडालेलं विमान सरळ पश्चिमेला चढतं, ते अपविंड. मग डावीकडे, दक्षिणेला वळतं, ते क्रॉसविंड. पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर, वारा पाठीवर घेऊन पूर्वेला जातं. हे डाउनविंड. आमच्या गच्चीवर ही बाजू विमानतळाकडच्या कठड्याची. टाकीशी पोचल्यावर पुन्हा डावं वळण, ते बेस. आणि शेवटचं वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत आलं की फायनल. हा झाला सर्किट. जमिनीपासून साधारण हजार फुटांवर, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर सगळी वळणं डावीकडे. कारण साधं आहे: मुख्य वैमानिक डाव्या सीटवर बसतो, डावीकडे त्याला खाली नीट दिसतं.

एकदा हा चौकोन सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला की "लेफ्ट डाउनविंड, रनवे टू सेव्हन" एवढ्या शब्दांत ऐकणाऱ्याला आकाशातला एक ठिपका दाखवता येतो. कुठे बघायचं, किती उंचीवर बघायचं, ते विमान यापुढे कुठे वळणार, सगळं त्यात आलं. मुंबईकराला सांगायचं तर "दादर, प्लॅटफॉर्म चार, पुलाखाली" म्हटल्यासारखं. शोधायला येणारा नेमका तिथेच येतो. शेवटचं "टच अँड गो" म्हणजे मी उतरून थांबणार नाही, चाकं टेकवून पुन्हा उडणार. मागच्याला हे माहीत असलेलं बरं.

लांबून येणाऱ्याने साधारण दहा मैलांपासून ऐकायला आणि बोलायला लागावं, असा अमेरिकेतला सल्ला आहे. पण दहा मैल म्हणजे किती वेळ? शिकाऊ विमानाला सहा-सात मिनिटं लागतील. एखादं छोटं जेट चार मिनिटांत डोक्यावर. म्हणून हुशार वैमानिक अंतराबरोबर वेळही सांगतात. आणि विमानाची जात. "व्हीटी-एबीसी" हे नाव आकाशात वाचता येत नाही. "पांढरं सेस्ना" म्हटलं की डोळे योग्य गोष्ट शोधतात.

वेगातला हा फरक जिवावर बेतू शकतो. १८ ऑगस्ट २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला, टॉवर नसलेल्या मैदानावर, एक छोटं सेस्ना १५२ सर्किटमध्ये होतं आणि दोन इंजिनांचं सेस्ना ३४० लांबून सरळ फायनलवर आलं. दोघंही रेडिओवर बोलत होते, दोघांनीही एकमेकांना ऐकलं होतं. पण मोठ्या विमानाचा वेग १८० नॉटच्या, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास होता. हे मागून फार जोरात येतंय म्हणून उतरणं सोडून पुन्हा वर जातो, असं लहान विमानाच्या वैमानिकाने सांगितलं, तोवर उशीर झाला होता. तीन माणसं गेली. रेडिओ चालू होता, शब्दही बरोबर होते. त्या शब्दांत वेग नव्हता.

पण रेडिओ म्हणजे काय, हे शिकवणारी घटना माझ्या मते दुसरीच आहे. १९९६ चा नोव्हेंबर आपल्याकडे चरखी दादरीसाठी लक्षात आहे. १२ नोव्हेंबरला हरियाणाच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. ते पूर्ण नियंत्रित आकाश होतं, कंट्रोलरने दोघांना वेगवेगळी उंची दिली होती आणि एक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं. त्यानंतर भारताने विमानांत टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं केलं. बरोबर सात दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या क्विन्सीला दुसरी टक्कर झाली. तिथे टॉवर नव्हता. आपल्याकडे ती फारशी कुणाला माहीत नाही.

क्विन्सीला एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या आहेत. बारा जणांचं एक छोटं प्रवासी विमान १३ नंबरवर उतरायला येत होतं. ४ नंबरच्या टोकाला किंग एअर जातीचं एक विमान उडायच्या तयारीत उभं होतं आणि त्याच्या मागे एक छोटं पायपर चेरोकी. प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी तीस मैलांपासून पद्धतशीर घोषणा केल्या. किंग एअरने निघताना टॅक्सी करतोय, म्हणजे जमिनीवरून पट्टीकडे चाललोय, असं सांगितलं होतं, मग उडण्यासाठी ४ नंबरवर जातोय असंही, नंतर गप्प. खाली येताना प्रवासी विमानाने थेट विचारलं, ४ नंबरवरचं विमान थांबणार आहे का उडणार आहे?

किंग एअर बोललं नाही. मागच्या चेरोकीचा वैमानिक बोलला. त्याने आपलं नाव सांगितलं, मी ४ नंबरवर उडण्यासाठी थांबलोय म्हणाला, आणि त्याच्या वाक्यात किंग एअरचाही उल्लेख आला. नेमक्या त्याच क्षणी प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये उंची सांगणारा यंत्राचा आवाज वाजला, "टू हंड्रेड". चेरोकीच्या वाक्याचा तुकडा त्याखाली दबला. खाली येणाऱ्यांनी जे ऐकलं त्यावरून त्यांना वाटलं, किंग एअरच थांबतोय म्हणतंय. त्यांनी आभार मानले. चेरोकीच्या वैमानिकाने ते आभार ऐकले आणि पुढे काही बोलला नाही.

किंग एअर उडायला सुटलं. दोन्ही विमानं धावपट्ट्यांच्या छेदावर आदळली. प्रवासी विमानातले लोक धडकेतून वाचले होते, पण दार उघडलं नाही आणि धुराने सगळे गेले. दोन्ही विमानांतली चौदाच्या चौदा.

तपास मंडळाने मुख्य दोष किंग एअरच्या वैमानिकांवर ठेवला, कारण त्यांनी ना नीट ऐकलं ना आजूबाजूला पाहिलं. चेरोकीच्या अर्धवट ऐकू गेलेल्या उत्तराचाही अहवालात उल्लेख आहे. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आम्हाला हे शिकवलंय. ज्याला विचारलं त्यानेच उत्तर दिलंय का, हे नावावरून तपासायचं." मला वाटतं त्याहून एक गोष्ट खोल आहे. प्रश्नाला उत्तर आलं म्हणून आपण निवांत झालो, ही माणसाची सवय. उत्तर आलंच नसतं तर कदाचित त्यांनी आणखी एक घिरटी घातली असती.

याच कारणाने "आसपास कुणी असेल तर सांगा" असं रेडिओवर म्हणू नये, असं अमेरिकी मार्गदर्शिका स्पष्ट बजावते. असं विचारून कुणीच बोललं नाही तर काय समजायचं? आकाश रिकामं? की कुणाच्या सेटचा आवाज बारीक आहे, कुणी चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर आहे, कुणाच्या विमानात रेडिओच नाही? जुन्या छोट्या विमानांत तो खरंच नसतो, आणि अमेरिकेत बऱ्याच मैदानांवर तो सक्तीचाही नाही. शिवाय पाच जण असतील तर पाचही जण एकदम उत्तर देतात आणि मग ती शिट्टी. त्यापेक्षा स्वतःचा पत्ता सांगा आणि कान उघडे ठेवा. बोलण्याआधी काही सेकंद ऐका, हा नियम भाचीच्या इन्स्ट्रक्टरने तिच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दिलाय.

बटण अडकणं हा आणखी एक वैताग. बोलायचं बटण दाबलेलं राहिलं तर तो वैमानिक स्वतः कुणालाच ऐकू शकत नाही आणि त्या फ्रिक्वेन्सीवर दुसरं कुणी बोलूही शकत नाही. त्याच्या इंजिनाची घरघर, शेजारच्याशी चाललेल्या गप्पा, सगळं शंभर मैलांत प्रसारित. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वॉकीटॉकींत निम्म्यांची तक्रार हीच असायची. बटणाखालची रबरी पट्टी चिकटलेली.

रेडिओ पूर्णच बंद पडला तर ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाचा आकडा कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० लावायचं, म्हणजे रडारवर बघणाऱ्याला कळतं की याचा आवाज गेलाय. पण टॉवर नसलेल्या मैदानावर रडार बघणारं कोण असणार? तिथे डोळेच. समोरासमोर आले तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. आपण रस्त्यावर डावीकडून चालतो, आकाशात भारतातही उजवीकडेच. आडवे आले तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची. उतरणाऱ्याचा हक्क आधी, आणि उतरणारे दोघे असतील तर जो खाली आहे त्याचा. आणि एक विचित्र गोष्ट: जे विमान आपल्यावर आदळणार असतं ते काचेत हलत नाही. बाकीची सरकतात, हे एका जागी चिकटून राहतं आणि फक्त मोठं होत जातं. डोळ्याला हलणारी गोष्ट चटकन दिसते, स्थिर गोष्ट दिसत नाही. रेडिओवरचा पत्ता कामी येतो तो इथे, कारण तो सांगतो की त्या न हलणाऱ्या ठिपक्याकडे बघ.

हे सगळं छोट्या विमानांचं खूळ आहे असं वाटत असेल तर थोडं थांबा. मोठी प्रवासी विमानंही काही ठिकाणी असंच करतात. आफ्रिकेच्या काही भागांत नियंत्रणावर पुरेसा भरवसा ठेवता येत नाही, म्हणून तिथे विमानं १२६.९ वर आपली जागा, उंची आणि वाट स्वतःहून जाहीर करत जातात. इकाओच्या नियमांतही अशा घोषणांची पद्धत ठरलेली आहे. लांबलांबच्या टप्प्यांवर दर वीस मिनिटांनी, आणि उंची बदलण्याआधी बोलायचं. अरबी समुद्रावर, जमिनीवरचा व्हीएचएफ पोचत नाही तिथे, वैमानिक १२३.४५ वर एकमेकांना पुढच्या हवेचे धक्के कळवतात. तीनशे माणसं झोपलेली असतात आणि पुढे दोन माणसं, आमच्या भाचीसारखीच, आपला पत्ता अंधारात सांगत असतात.

परीक्षेचं सांगायचं राहिलं. रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना लागतो, सगळे त्याला आरटीआर म्हणतात. वर्षानुवर्षं ही परीक्षा दूरसंचार खात्याकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे गेलं. विद्यार्थ्यांना या परीक्षेची धास्ती उडायच्या परीक्षेपेक्षा जास्त वाटते, असं भाचीचं म्हणणं. उडताना हात आपोआप शिकतात. जीभ शिकत नाही. कागदावर रस्ता आखलेला, समोर परीक्षक, आणि विमान नाही. त्यासाठीच ही गच्ची. विमान नसताना शब्द सुचायला लागले की विमानात हात मोकळे राहतात.

मी तिच्या दोन फेऱ्यांत दुसरं विमान झालो. हातात चष्म्याचा डबा. तिने "लेफ्ट बेस" म्हटलं आणि मी टाकीमागून "स्ट्रेट इन फायनल" म्हणून घुसलो. ती जागीच थबकली, मग म्हणाली, "गच्ची ट्रॅफिक, अल्फा ब्राव्हो चार्ली, डावीकडे वळून पुन्हा डाउनविंडला, नंबर टू, फायनलवरचा चष्म्याचा डबा दिसतोय, गच्ची." मराठीतच बोलून गेली. परीक्षेत गुण कापले असते. पण मी कुठे आहे, ती कुठे जाणार आणि तिने मला पाहिलंय, सगळं त्यात होतं.

शेवटची फेरी. फायनल, उतरली, पट्टीवरून चालत गेली आणि खडूच्या रेघेबाहेर पाय टाकून थांबली. "रनवे व्हेकेटेड" हे पट्टीच्या बाहेर आल्याशिवाय म्हणायचं नाही. मागचा त्या शब्दांच्या भरवशावर उतरत असतो.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बादली घेऊन वर आल्या. कपड्यांची दोरी धावपट्टीच्या पलीकडे. त्या रेघेशी थांबल्या, आमच्याकडे बघितलं.

"जाऊ का गं पलीकडे?"

"मी टॉवर नाही हो काकू," भाची म्हणाली. "तुम्ही दोन्हीकडे बघा, ओरडून सांगा आणि जा."

काकूंनी टाकीकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं. मग बादली कमरेवर घेऊन खणखणीत आवाजात म्हणाल्या, "साडी काढायला चालले, मध्ये येऊ नका रे," आणि पट्टी ओलांडली.

"शेवटी गच्ची म्हणायचं राहिलं," भाची हळूच म्हणाली.